दोरी म्हणजे दोरी

त्या बारा मजली इमारतीत लिफ्ट एकच होती आणि शहाणे मात्र प्रत्येक मजल्यावर चार-चार. लिफ्टमध्ये पुरुषभर उंचीचा आरसा होता, मंद आवाजात बासरी वाजायची, आणि दाराशेजारी चेअरमनचं नाव कोरलेली पितळी पाटी होती. धड नव्हती ती फक्त दोरी. ज्या तारेच्या दोरीवर हा सगळा थाट लटकत होता, तिच्या तारा एकेक करून सुटायला लागल्या होत्या.

हे सगळ्यात आधी कळलं नवव्या मजल्यावरच्या वहिनींना. अख्खी इमारत त्यांना वहिनीच म्हणायची. खिडकीपाशी शिलाई मशीन टाकून त्या लोकांचे कपडे आल्टर करून द्यायच्या. कुणाची पँट आखूड कर, कुणाची कंबर ढिली कर. लिफ्टचा मेकॅनिक डांगरीचा फाटलेला गुडघा शिवून घ्यायला आला आणि स्टुलावर बसल्या बसल्या बोलून गेला, "वहिनी, आजींना जपून न्या बरं का. रोप गेलाय, ती वरची तारेची दोरी. मालकाला कितीदा सांगितलं. मालक म्हणतो, ग्रीस लाव अन् गप बस."

मालक म्हणजे चेअरमनचा साडू. लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट त्याच्याकडे. कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद मागायची कुणाकडे?

वहिनींना धास्ती पडली ती आजींमुळे. आजी म्हणजे त्यांच्या सासूबाई. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागायचं, चाकाच्या खुर्चीत बसवून, लिफ्टने. जिना उतरण्याचे त्यांचे दिवस कधीच संपले होते. मागच्याच खेपेला लिफ्टने चौथ्या मजल्यापाशी हिसका दिला आणि ती अर्धा मजला धाडकन खाली घसरली. बासरी वाजतच राहिली. सासूबाईंनी सुनेचं मनगट असं घट्ट धरलं होतं, की दुसऱ्या दिवशीही त्यावर बोटांचे वळ होते.

"अहो," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "कमिटीला अर्ज द्या. घर तुमच्या नावावर, सभासद तुम्ही. माझं कोण ऐकतंय? दोन ओळी लिहा. दोरी बदला म्हणावं, आणि बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा. आईंना खाली न्यायला खुर्ची उचलणारी चार माणसं द्या."

नवरा विमा कचेरीतून निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून लेखक झाला होता. वहिनी मनातल्या मनात त्याला लेखकराव म्हणायच्या, आणि डोकं फिरलं की तोंडावरही. लेखकरावांनी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसला की समजायचं, आता सरळ उत्तर येणार नाही.

"असं थेट सांगून काही होत नसतं गं," ते म्हणाले. "थेट बोलायला काय, भांडकुदळ माणूसही बोलतो. सत्तेला घाम फोडायचा तर आडून वार करावा लागतो. रूपक लागतं, रूपक! बघच तू. असं लिहितो, की चेअरमनची झोप उडाली पाहिजे."

"झोप उडवू नका, दोरी बदला. आई तुमचीच आहे ना?"

"म्हणून तर लिहितोय," लेखकराव म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराशेजारी, काचेचा नोटीस बोर्ड होता. त्यावर दर रविवारी लेखकरावांची गोष्ट लागायला लागली. एक जंगल. जंगलात एक खोल विहीर. विहिरीतून वर-खाली जायला एक बादली. विहिरीची व्यवस्था गजराजाकडे, आणि बादलीच्या दोरीचा ठेका गजराजाच्या साडूकडे, म्हणजे कोल्ह्याकडे. आता इतकं उघड लिहिल्यावर न कळायला काय झालंय? शेंबड्या पोरालाही कळलं. पहिल्याच रविवारी बोर्डापुढे ही गर्दी! लोक लिफ्टची वाट बघत बघत वाचायचे, हसत हसत एकमेकांना कोपर मारायचे आणि लिफ्ट आली की आत शिरून वर जायचे.

"काय हाणलाय!" सातव्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले. साहित्य शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे सरळ वाक्य दिसलं की त्यांना त्याची कीव यायची. "दोरी हे प्रतीक बघा. माणूस आणि व्यवस्था यांच्यातला तो तुटत चाललेला संवाद! आणि बादलीतलं रिकामेपण? अहाहा."

"कोल्हा कोण, ओळखलं का?" कुणीतरी डोळा मारत विचारायचं.

"आपण कशाला नाव घ्या!" दुसरा म्हणायचा. अळीमिळी गुपचिळी. खुसखुशीत हसू, आणि बटण दाबलं की बासरी सुरू.

वहिनी वाट बघत होत्या, कुणीतरी एक जण तरी म्हणेल, की बाबांनो, मग दोरीचं काय करायचं? छे! दोरीचं कौतुक करायला मात्र अख्खी इमारत तयार. ज्याच्या त्याच्या तोंडी गोष्टीतल्या ओळी, आणि ज्याचा त्याचा पाय त्याच लिफ्टमध्ये.

आणि चेअरमन? त्याची झोप उडेल म्हणे! तो पंधरवड्याने स्वतःच पँट घेऊन वर आला. चेअरमन झाल्यापासून वहिनींनी त्याची कंबर इतक्यांदा ढिली केली होती, की आता शिवणीत सोडायला कापड उरलं नव्हतं. पहिल्या मजल्यावर राहणारा हा माणूस आठ मजले जिना चढून आला होता. घामाने निथळत होता. वहिनींच्या ते लक्षात आलं, पण हा डॉक्टरने सांगितलं म्हणून चालत असेल असं त्यांना वाटलं. भोळ्या त्या.

"लेखकसाहेब, हत्ती केलात आम्हाला!" चेअरमन सोफ्यावर पसरत म्हणाला. "आता नाही म्हणू नका. मला कळलं नाही असं वाटलं का? आमची ही म्हणाली, बघा, उंदीर नाही केलं, घूस नाही केलं, हत्ती केलंय. मान ठेवला तुम्ही. फक्त ते सुळे जरा मोठे दाखवा की."

लेखकराव ओशाळं हसले, आणि बघता बघता ते हसू खरंच आनंदाचं झालं. शिवणयंत्रामागे बसून वहिनी हे सगळं बघत होत्या. चेअरमनने जाताना जाहीर करून टाकलं, की इतक्या मोठ्या लेखकाची गोष्ट त्या कळकट बोर्डावर शोभत नाही, आतून दिवे असलेली नवी चौकट बसवू, खर्च सोसायटीचा.

"कुठल्या पैशातून?" वहिनींनी विचारलं.

"लिफ्ट-दुरुस्तीचे पडूनच आहेत की," चेअरमन म्हणाला, आणि जिन्याने खाली गेला.

दार लागलं, तशी आतल्या खोलीतून सासूबाई बोलल्या, "मेल्याने दोरी खाल्ली आणि वर ढेकर पण दिला." लेखकरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सुळे मोठे केले की नाही ते पुढच्या रविवारी सगळ्यांनीच वाचलं. केले होते.

चौकट लागली, दिवे लागले, गर्दी वाढली. दोरी तीच.

शेवटी वहिनींनी स्वतःच एका कागदावर जाड अक्षरात लिहिलं, 'लिफ्टची दोरी तुटायला आली आहे. चढू नका.' आणि तो कागद लिफ्टच्या दारावर चिकटवून त्या तिथेच उभ्या राहिल्या. पहिली आली ती आठव्या मजल्यावरची जोडी. दोघांनी वाचलं.

"अय्या, नवीन आहे का हे? किती छोटं!" बायको म्हणाली.

"मोजक्या शब्दांत लिहिणं सगळ्यात कठीण," नवरा म्हणाला. "चढू नका म्हणे! म्हणजे सत्तेची पायरी चढू नका. काय धार आहे बघ." आणि दोघं वहिनींच्या नाकासमोरून आत शिरले. "वहिनी, साहेबांना सांगा हं, फार आवडलं!" दार लागता लागता ती बाई ओरडली.

वहिनींना हसावं की रडावं कळेना. इतके दिवस लोकांना सवय लावून ठेवली होती लेखकरावांनी, की लिहिलेल्या शब्दाचा जो अर्थ आहे तो सोडून दुसरा कुठलाही घ्या. आता खरं सांगायची सोयच उरली नव्हती.

मग आली वार्षिक सभा. तळमजल्यावर, गाड्या बाहेर काढून, खुर्च्या मांडून. अहवाल झाला, टाळ्या झाल्या, नव्या चौकटीबद्दल कमिटीचं अभिनंदन झालं. चेअरमनने विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" हे विचारताना तो उठायच्या तयारीतच होता, कारण आजवर कुणी कधी बोललं नव्हतं. वहिनी उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत लागला.

"लिफ्टची दोरी तुटायला आलीय. मेकॅनिकने सांगितलंय. ती चेअरमनसाहेबांच्या साडूने बदलली नाही. सासूबाई आणि मी आत असताना लिफ्ट अर्धा मजला खाली आलीय. उद्या परवा ती पडेल आणि माणूस मरेल. दोरी बदला."

कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. चेअरमनच्या साडूने खिशातून रुमाल काढला. वहिनींना वाटलं, चला, पोचलं एकदाचं! आणि तेवढ्यात प्राध्यापक उठून उभे राहिले. डोळे पाणावलेले.

"वा!" ते म्हणाले. "वा, वहिनी! साहेबांची गोष्ट तुम्ही अक्षरशः जगलात. मित्रहो, दोरी म्हणजे काय? आपला परस्परांवरचा विश्वास. लिफ्ट म्हणजे समाज. आणि अर्धा मजला खाली येणं, हा नैतिक ऱ्हास! किती सोपं, आणि किती खोल!"

अशा टाळ्या पडल्या, की बाहेरचा वॉचमन डोकावून गेला. सुटकेच्या टाळ्या त्या. सगळ्यात जोरात चेअरमन वाजवत होता, आणि साडूने रुमाल परत खिशात घातला.

"अहो, दोरी म्हणजे दोरी!" वहिनी ओरडल्या. "तारेची! गच्चीवर जाऊन बघा की!"

"वहिनी, वहिनी," चेअरमन मऊ आवाजात म्हणाला, "तुमच्या भावना पोचल्या. पण नियमाप्रमाणे तक्रार सभासदाने करायची असते. घर साहेबांच्या नावावर आहे. साहेबांनी उठून फक्त एवढं म्हणावं, की बाबांनो, दोरी म्हणजे दोरी. लगेच नोंद करतो. का हो साहेब?"

लेखकराव कसे आहेत हे चेअरमनला बरोबर ठाऊक होतं. सगळ्या माना लेखकरावांकडे वळल्या. ते पहिल्या रांगेत बसले होते, मानाच्या खुर्चीत. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याकडे त्यांनी असं कधी काही मागितलं नव्हतं. एक वाक्य. त्यांच्याच आईसाठी.

लेखकराव उठले. त्यांनी चष्मा काढला. पुसला.

"मला वाटतं," ते म्हणाले, "लेखकाने स्वतःच्या लेखनाचा अर्थ सांगू नये."

मग काय विचारता! लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

त्या रात्री वहिनी सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसल्या. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सभेतलं सगळं सांगितलं. म्हातारी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "उद्या डायलिसिसला जायचंय ना? चेअरमनला आणि त्या शिकलेल्याला वर बोलाव. म्हणावं, म्हातारीला तुमचा सत्कार करायचाय."

सत्कार म्हटल्यावर ही मंडळी नाही म्हणतात का! सकाळी दोघंही हजर. सासूबाई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर शाल, लिफ्टच्या दारासमोर. लेखकराव शेजारी. वहिनींनी बटण दाबलं, लिफ्ट वर आली, दार उघडलं, बासरी ऐकू आली.

"या बाबांनो," सासूबाई म्हणाल्या. "मला एकटीला भीती वाटते. तिघंही माझ्याबरोबर खाली चला. खाली गेलो की सत्कार."

चेअरमन दोन पावलं मागे सरकला. "मी... मला डॉक्टरांनी जिनाच सांगितलाय, आजी."

"कधीपासून रे?"

"झाले की... बरेच महिने."

"दोरी सुटायला लागली तेव्हापासून म्हण. आणि तू रे?" सासूबाई प्राध्यापकांकडे वळल्या. "तुझी दोरी म्हणजे विश्वास ना? मग बस की विश्वासावर! समाजात उभं राहायला भीती कसली?"

प्राध्यापक घड्याळाकडे बघायला लागले. मीही हल्ली व्यायाम म्हणून जिन्यानेच, असं काहीतरी ते पुटपुटले. वहिनींच्या आता सगळं लख्ख ध्यानात आलं. यांना सगळं समजलेलं होतं. पहिल्या रविवारपासून समजलेलं होतं. दोरी म्हणजे दोरी, हे यांच्या पायांना केव्हाच कळलं होतं, फक्त तोंडाला कळू द्यायचं नव्हतं! आणि शेजाऱ्यांच्या पोरांना, म्हाताऱ्यांना रोज आत शिरताना बघून हे टाळ्या वाजवत होते. त्यांना किळस आली.

राहिला मुलगा. सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. लेखकरावांनी लिफ्टकडे पाहिलं, मग आईकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. आईला त्याच लिफ्टने त्यांनी गेले कित्येक आठवडे पाठवलं होतं. स्वतः आत मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही.

"उचला खुर्ची," वहिनी म्हणाल्या. "चौघं आहोत. उचला, नाहीतर अख्ख्या इमारतीला बोलावून दाखवते तुमचं सोंग."

उचलली. नऊ मजले. चेअरमनची पँट पाचव्या मजल्यावर मागून उसवली. प्राध्यापक प्रत्येक वळणावर टेकत होते. आजी शाल सावरून बसून होत्या.

इस्पितळातून आल्यावर त्याच तिघांना लावून आजींना वर आणलं, आणि वहिनींनी पहिलं काम केलं ते हे. वॉचमनकडून किल्ली घेतली, गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत गेल्या, लिफ्टचा मेन स्विच पाडला, फ्यूज उपटला आणि शिवणयंत्राच्या खणात ठेवून कुलूप घातलं. पाचव्या मजल्यावरच्या एका पोरीला लिफ्टने एकटं जाताना त्यांनी त्याच दुपारी पाहिलं होतं.

आणि मग, काय सांगावं, इमारत जागी झाली! जिवावर बेतलं तेव्हा जे कुंभकर्णासारखे घोरत होते, ते पोटऱ्या दुखायला लागल्याबरोबर पेटून उठले. भाजीच्या पिशव्या घेऊन, धापा टाकत, शिव्या देत लोक जिने चढायला लागले. अन्याय म्हणाले, मनमानी म्हणाले, हुकूमशाही म्हणाले. वहिनींच्या नावाने! दारावर थापा पडायच्या. "फ्यूज द्या!" वहिनी आतून म्हणायच्या, "दोरी द्या!"

तिसऱ्या दिवशी चेअरमन वर आला. बाराव्या मजल्यावरच्या लोकांनी त्याला सळो की पळो करून सोडलं होतं. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"वहिनी, मिटवून टाकू. दुसऱ्या कंपनीला बोलावतो, दोरी बदलतो. पण माझ्या साडूला मी असंच कसं काढू? कागद लागतो. सभासदाची लेखी तक्रार, स्वच्छ, सरळ, सहीनिशी. त्या हत्ती-कोल्ह्यावर कंत्राट रद्द होत नाही. साहेबांनी दोन ओळी लिहाव्यात, संध्याकाळी माणसं कामाला लावतो."

वहिनींनी नवऱ्यापुढे कोरा कागद ठेवला. पेन ठेवलं. सासूबाईंना पलंगावर उशीला टेकवून बसवलं होतं. परवा पुन्हा डायलिसिस होतं, आणि खुर्ची उचलायला या खेपेला कुणी दार उघडलं नसतं.

लेखकरावांनी लिहायला घेतलं. वहिनी मागे उभ्या राहून बघत होत्या. 'एका जंगलात' लिहिलं, खोडलं. 'प्रत्येक उंचीला एक दोरी असते' लिहिलं. त्याच्याकडे थोडा वेळ प्रेमाने पाहिलं. वहिनींनी खाकरल्यावर तेही खोडलं. कागद बदलला. पुन्हा विहीर आली, पुन्हा बादली आली. माणूस खरंच प्रयत्न करत होता. घाम आला होता त्याच्या कपाळावर. पण त्याला येतच नव्हतं! वहिनींचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांना भीती वाटायला लागली.

"इकडे ये रे," सासूबाई म्हणाल्या. "कागद घेऊन ये."

लेखकराव पलंगाशी जाऊन बसले. म्हातारीने मुलाच्या हातावर हात ठेवला. सुया टोचून टोचून तो हात काळानिळा झाला होता.

"मी सांगते तसं लिही. मी हत्तीण नाही, वाघीण नाही. तुझी आई आहे. लिही, लिफ्टची दोरी तुटायला आली आहे. त्या लिफ्टने माझ्या आईला जावं लागतं. तिला मरायची भीती वाटते. बास. खाली सही कर."

लेखकराव लिहायला लागले. एकेक शब्द सावकाश, पहिलीतल्या पोरासारखा. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. त्यांनी कागद थोडा लांब धरून वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि आईकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं,

"आई, 'भीती'च्या जागी 'अंधार' लिहिलं तर?"

सासूबाईंनी त्यांच्या हातावरचा हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.